काच अकोल्याला, मी तिवस्याला

मित्रांनो, मी सिनेमा दाखवणारा एक जुना प्रोजेक्टर आहे. मला जुना म्हटलेले चालते. ओतीव लोखंड जुने झाले तरी सहसा बिघडत नाही. पण माझ्या आयुष्यातली बरीच वर्षे मी अर्धा होतो, आणि त्या अर्धेपणाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

आधी मी कसा चालतो ते सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. सिनेमा म्हणजे एक लांब पट्टी असते आणि तिच्यावर ओळीने छोटी छोटी चित्रे असतात. माझ्या पोटात चार पाकळ्यांचे एक चक्र आहे. ते पट्टी ओढते, थांबते, पुन्हा ओढते, असे सेकंदाला चोवीस वेळा. चित्र थांबले की त्यावर उजेड पडतो. चित्र सरकत असते तेव्हा एक पाते उजेडाच्या आड येते. तुमच्या डोळ्यांना हा मधला अंधार कळत नाही. सिनेमा बघणारा माणूस जवळजवळ निम्मा वेळ अंधारात बसलेला असतो, पण घरी गेल्यावर त्याला फक्त उजेड आठवतो.

हा उजेड दोन कार्बनच्या कांड्यांमधून येतो. कांड्या समोरासमोर धरायच्या आणि त्यांतून वीज सोडायची. टोके एकमेकांना चिकटून राहिली तर उजेड पडत नाही. फार लांब गेली तर विझतो. मधले अंतर बेताचे असेल तरच सूर्यासारखा पांढरा उजेड मिळतो. शिवाय कांड्या जळून झिजत जातात, म्हणून त्यांना सतत थोडे थोडे पुढे सरकवावे लागते. हे काम करणारा माणूस नजर हलवू शकत नाही.

सर्वांत पुढे असते काच, म्हणजे भिंग. ती पुढेमागे फिरवून पडद्यावरचे चित्र स्पष्ट करायचे. माझे अंग मुंबईच्या एका कारखान्यात ओतले गेले आणि काच जर्मनीहून आली. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी ज्या दिवशी तिला माझ्या तोंडाशी फिरवून बसवले, त्या दिवसापासून मी स्वतःला तिच्याशिवाय ओळखले नाही.

आम्हाला विकत घेतले अमरावतीच्या इब्राहिमभाईंनी. त्यांचा फिरता सिनेमा होता. गावोगावच्या यात्रांमध्ये ते तंबू ठोकत. नाव काही मोठे नव्हते. लोक नुसते "इब्राहिमचा तंबू" म्हणत. त्यांना तीन मुले. थोरली कुलसुमबी, मधला कुर्बान, धाकटा रऊफ. आई लवकर गेली, त्यामुळे कुलसुमबीनेच दोघा भावांना वाढवले. तंबूच्या मागे चूल मांडून ती भाकरी करायची आणि दोघांमध्ये मोडून वाटायची. तेव्हाही, कोणाचा तुकडा मोठा यावर भांडण असे.

या घरात एक गमतीची गोष्ट होती. ही माणसे आपसात उर्दू बोलत. पण भांडण सुरू झाले की दोघे भाऊ वऱ्हाडीत येत. दिवसभर यात्रेत तिकिटे विकताना, गर्दी हटवताना ती भाषा जिभेवर चढलेली असे. मला शब्द समजण्याआधीच, भाषा बदलली की कळायचे, आता काहीतरी होणार.

मुले मोठी झाली तशी कामे वाटली गेली. कुर्बान कार्बनपाशी आणि रऊफ काचेपाशी. एकाची नजर ज्वाळेवर, दुसऱ्याची पडद्यावर. माझ्या दोन बाजूंना दोघे उभे राहत आणि मला वाटे, मला दोन हात फुटले आहेत. चित्र अंधुक झाले की लोक ओरडत, "फोकस!" मग कुर्बान म्हणायचा, "पाह्य, तुलेच म्हणून राहिले." उजेड मंदावला की लोक शिट्ट्या मारत. मग रऊफ म्हणायचा, "हे तुह्यासाठी हाय, भाऊ. घे, घे, लाजू नको."

इब्राहिमभाई वाईट नव्हते. पण त्यांना एक सवय होती. एकाला लागावे म्हणून ते दुसऱ्याचे कौतुक करत. आज कुर्बानचा उजेड चांगला, हे ते रऊफसमोर सांगत. उद्या रऊफचे फोकस चांगले, हे कुर्बानसमोर. त्यांना वाटे, अशाने दोघेही मन लावून काम करतील. तसे झालेही. पण मन कामात लागता लागता एकमेकांवरून उडत गेले.

मग रिद्धपूरची यात्रा आली. त्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचे रीळ चालू होते. एक बैलगाडी नदी ओलांडून चालली होती आणि गाडीतली मुलगी मागे वळून हात हलवत होती. तेवढ्यात पट्टी अडकली. माझ्या पोटात पट्टी अडकली की उजेडाची सगळी आच एकाच चित्रावर पडते. म्हणून दोघा भावांचा ठरलेला नियम होता. पडदा बघणाऱ्या रऊफने "बंद!" म्हणायचे आणि कुर्बानने उजेडापुढची पत्र्याची झाकणी खाली टाकायची. त्या दिवशी झाकणी वेळेवर पडली नाही. पडद्यावर मुलीच्या हातापाशी एक तपकिरी डाग उमटला, तो पसरला, आणि मुलगी, गाडी, नदी सगळे वितळून गेले.

लोकांनी बाके उलटी केली. तंबू रिकामा झाल्यावर दोघे वऱ्हाडीत आले.

"तू ओरडलाच नाही."

"ओरडलो ना मी! तुह्या कानात कापसाचे बोये होते काय?"

"आवाज आला असता तं झाकनी टाकली नसती काय मी?"

खरे काय झाले, मला आजही माहीत नाही. माझे तोंड पडद्याकडे असते आणि माझा स्वतःचा आवाजच इतका मोठा, की मागे कोणी काय म्हणाले ते मला दर वेळी ऐकू येत नाही.

इब्राहिमभाईंनी चौकशी केली नाही. तंबूतल्या सगळ्या गड्यांसमोर ते म्हणाले, "कल से रऊफ अकेला मशीन पे रहेगा. कुर्बान तिकट देखेगा."

कुर्बानने तिकिटांची पेटी उचलली. रऊफला एकट्याने मशीन नको होती. हे मला त्याच्या हातावरून कळायचे, कारण त्यानंतर चित्र स्पष्ट झाले तरी तो काच फिरवतच राही. पण "मला भाऊ पाहिजे" हे वाक्य त्याने वडिलांसमोर उच्चारले नाही, आणि भावासमोर तर नाहीच.

पुढे घरोघरी टीव्ही आले. यात्रेत तंबूपेक्षा पाळण्यांना गर्दी होऊ लागली. इब्राहिमभाई गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर अंगणात वाटणी झाली. बांबू, कनात, बाके, जनरेटर. माझ्यावर गाडी अडली.

"मी मोठा. मशीन माही," कुर्बान म्हणाला.

"घे ना," रऊफ म्हणाला. "मशीन तुही. पन फोकस माहं होतं. ते मी नेतो."

आणि त्याने माझी काच फिरवून काढली, रुमालात गुंडाळली आणि अकोल्याची बस पकडली.

मित्रांनो, विचार करा. काचेशिवाय मी नुसता दिवा. माझ्याशिवाय काच नुसता गोटा. वाटणीत दोघांनाही काहीच मिळाले नव्हते. पण दोघांनाही वाटत होते की दुसरा आठवडाभरात येईल. कुर्बानला वाटे, काच घेऊन रऊफ येईल. रऊफला वाटे, काच मागायला भाईजान येईल. बाजारात तसली दुसरी काच मिळत होती. कुर्बानने ती आणली नाही. याचा अर्थ मला फार उशिरा समजला.

कुर्बानने अमरावतीत मंडप आणि लाइटचा धंदा सुरू केला. घरात जागा नव्हती, म्हणून मला तिवस्याला कुलसुमबीकडे ठेवले. तिचे लग्न तिथल्या गादीवाल्यांच्या घरात झाले होते. नागपूर रोडवर दुकान, मागे कापसाचे गोदाम. त्या गोदामात, गाद्यांच्या गठ्ठ्यांमागे मी राहिलो. माझ्या दात्यांवर कापसाचा भुगा बसला. तेल वाळून डिंक झाला. एका पावसाळ्यात उंदरांनी माझ्या दिव्याच्या पेटीत घर केले. मी कोणाला दोष देत नाही. माझा उपयोगच राहिला नव्हता.

गोदामाच्या पत्र्याच्या दारात एक खिळा निखळून भोक पडले होते. दुपारी दार लावलेले असले की त्या भोकातून समोरच्या भिंतीवर रस्त्याचे चित्र पडायचे, उलटे. चाके वर आणि टप खाली असे संत्र्यांचे ट्रक जायचे. डोक्यावर चालणारी माणसे, उलट्या सायकली. उजेड सरळ रेषेत जातो, म्हणून लहानशा भोकातूनही चित्र पडते. यात चमत्कार काही नाही. पण एका खिळ्याच्या भोकाला जमते ते आपल्याला जमत नाही, हे रोज दुपारी बघत बसणे सोपे नव्हते.

अशी बरीच वर्षे गेली. मग एक दिवस माझ्यावरची गोधडी एका मुलीने ओढून काढली. ती जेबा, कुर्बानची मुलगी. अमरावतीत शिकलेली, डोळ्यांवर चष्मा, हातात मोबाइल. तिने माझ्या चारी बाजूंनी फिरून बघितले आणि मग बोट लावून माझे चक्र हळूच फिरवले. डिंक झालेल्या तेलातून ते करकरत एक पाकळी पुढे गेले.

"फुप्पी, याची काच कुठे आहे?" तिने कुलसुमबीला विचारले. फुप्पी म्हणजे आत्या. जेबाशी घरातले सगळे मराठीतच बोलत.

"अकोल्याले," कुलसुमबी म्हणाली. "तुह्या चाचाजवळ. चाचा हाय हे तं मालूम हाय ना तुले? का तेही नाही सांगितलं तुह्या बापानं?"

जेबा एक छोटा सिनेमा करत होती. मोठ्या कंपनीचा नव्हे. मैत्रीण स्वराली कॅमेऱ्यामागे आणि अभिनय करायला अमोल आणि सोहम, दोघे कॉलेजातले. गोष्ट होती दोन भावांची, जे एक यंत्र वाटून घेतात आणि ते दोघांच्याही कामाचे राहत नाही. गोष्ट कुठून आली होती हे विचारायची गरज नव्हती. तिला त्यातले मोठे प्रसंग माझ्याबरोबर करायचे होते आणि एका प्रसंगात माझ्यातून खराखुरा उजेड पडायला हवा होता. तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने फक्त कुलसुमबीला सांगितली. तिने आपल्या अब्बांना आणि चाचाला एका खोलीत कधीच पाहिले नव्हते.

कुर्बान म्हणाला, "त्याच्याकडं मांगाले मी नाही जात. अन् कार्बन दुसऱ्या कोनी पेटवाचा नाही, डोये जातीन. पेटवीन तं मीच."

मग जेबा एकटी अकोल्याला गेली. तिथे काय झाले ते तिने नंतर गोदामात फुप्पीला सांगितले. रऊफचे तिथे चष्म्याचे दुकान आहे. माझी काच त्याने दर्शनी कपाटात ठेवली होती, विकायला नाही, नुसती. जेबाने मागितली तेव्हा तो बराच वेळ दुसऱ्या कोणाचा तरी चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "काच मी कोनाच्या हातात देत नाही, बेटा. मीच घेऊन येतो. पन तुह्या बापासंग बोलाची शर्त नको लावू."

असे दोघेही यायला तयार झाले, आपापल्या हट्टापायी.

शूटिंगच्या दिवशी भर दुपारी गोदामाची दारे लावून अंधार केला. खिळ्याच्या भोकावर जेबाने चिकटपट्टी लावली. वेल्डिंगवाल्याकडून वीज देणारे यंत्र आणले होते. कुर्बानने आदल्या दिवशीच येऊन मला घासले, तेल दिले, उंदरांचे घर बाहेर काढले. रऊफ आला, सलाम केला तो बहिणीला, आणि काच स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी फिरवून बसवली. आटे जुळले. मित्रांनो, त्या क्षणाविषयी मी फार लिहीत नाही.

रीळही तेच होते, रिद्धपूरचे. जळालेले रीळ परत घ्यायला सिनेमा भाड्याने देणाऱ्यांपैकी कोणी आले नव्हते. इब्राहिमभाईंनी जळका भाग कापून टोके जोडली होती आणि कुलसुमबीने ते पेटीत जपले होते. जिथे जोड होता, तिथे पट्टी पुन्हा अडकण्याची भीती होती. अडकली तर जेबाचा प्रसंग तर जाणारच, पण ते दोघे पुन्हा कधी एका खोलीत येणार नाहीत, हेही सगळ्यांना कळत होते.

पहिल्यांदा वाटणीचा प्रसंग झाला. अमोल मोठ्या भावाच्या थाटात म्हणाला, "मी मोठा आहे. मशीन माझी!"

"असं कोन बोलते?" कुर्बान खुर्चीवरून उठला. "मी म्हटलं होतं, घे, काय न्याचं ते ने."

रऊफ दुसऱ्या कोपऱ्यात गाद्यांवर बसला होता. तो कुर्बानकडे न बघता थोरल्या बहिणीला म्हणाला, "आपा, याले सांग, हा असाच बोलला होता. मी तिथंच उभा होतो."

"आपा, त्याले इचार, उभा होता तं झाकनीच्या वक्ताले आवाज काहून नाही निघाला त्याचा!"

"आपा, त्याले सांग..."

"मी काय टपाल वाटून राहिली काय?" कुलसुमबी कडाडली. "तीन हात लांब बसले दोघं. आपापलं पोचवा!"

स्वरालीने हळूच कॅमेरा अमोलवरून काढून म्हाताऱ्यांकडे वळवला. जेबाने तिला थांबवले नाही.

मग उजेडाचा प्रसंग. कुर्बानने कार्बन पेटवून दिला आणि अमोलला काळी काच डोळ्यांवर धरायला लावून बाजूला झाला. सोहम काचेपाशी उभा राहिला. मी चालू झालो. उजेड मधेच पिवळा, मधेच निळा. चित्र तर नुसते दूध सांडल्यासारखे. अमोल कांड्या ढकलत होता, सोहम काच उलटी फिरवत होता.

"फोकस!" अंधारातून आवाज आला. तो कुर्बानचा होता.

"आधी उजेड तं दे!" रऊफ ओरडला. बहिणीमार्फत नाही. सरळ.

आणि मग, कोण आधी उठले ते मला दिसले नाही, पण माझ्या एका बाजूला अमोलच्या जागी एक ओळखीचा हात आला आणि दुसऱ्या बाजूला सोहमच्या जागी दुसरा. उजेड पांढरा झाला. काच एक बोटभर फिरली, अर्धे बोट परत आली आणि भिंतीवर नदी दिसू लागली. पाणी, बैल, गाडीचे चाक, चाकाच्या आऱ्यांवरून निथळणारे थेंब. इतकी वर्षे उलटे ट्रक पाहिलेल्या त्या भिंतीवर मी सरळ चित्र पाडत होतो.

जोड जवळ येत होता. दोघांना तो पाठ होता. गाडी काठाला लागली, मुलगी वळली.

रऊफ अगदी खालच्या आवाजात बोलला, पण या वेळी मला ऐकू आले, कारण तो माझ्या अंगावर वाकला होता.

"भाईजान, झाकनी पे हाथ रखो."

"रखा है," कुर्बान म्हणाला.

जोड आला. माझे चक्र अडखळले. पट्टी थरथरली, चित्राने एक उडी मारली, आणि मुलगी पुढे निघाली. तिचे हात हलवणे तेवढे गेले होते. जळालेला तुकडा परत येत नाही. पण ती हसत होती, गाडी धुळीत शिरत होती, आणि मग पट्टी संपून भिंतीवर नुसता पांढरा चौकोन उरला. त्या उजेडात दोघेही डोळे पुसत होते आणि दोघेही कार्बनच्या धुराला दोष देत होते.

"तं त्या दिवशी चूक कोनाची होती?" कुलसुमबीने विचारले.

"पट्टीची," कुर्बान म्हणाला.

"जुनी होती ना पट्टी," रऊफ म्हणाला.

संध्याकाळी सामान आवरताना रऊफने रुमाल काढला आणि सवयीने काच फिरवायला लागला. दोन आटे सुटले होते. कुर्बान बघत होता, पण "राहू दे" हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हते. कुलसुमबीचे नुकतेच मोतिबिंदूचे ऑपरेशन झाले होते. काळा चष्मा कपाळावर सारून ती म्हणाली, "डॉक्टरनं माह्या डोयात काच बसवली, अर्धा घंटा नाही लागला. तुमाले एक काच बसवाले सारी उमर लागली. अन् आता ती काढून राहिला तू?"

रऊफचा हात थांबला. मग त्याने काच उलट दिशेला फिरवली, पुन्हा घट्ट. काचेचे पितळी झाकण मात्र त्याने रुमालात गुंडाळले आणि खिशात टाकले.

"झाकन काहून नेतं?" कुर्बानने विचारले.

"झाकन नसलं की धूळ बसते," रऊफ म्हणाला. "धूळ बसली की पुसाले यावं लागते. तुले थोडी पुसता येते?"

जेबाचा सिनेमा पूर्ण झाला. तिने लिहिलेल्या शेवटात मोठा भाऊ मला भंगारात देतो. तो शेवट तिने काढून टाकला. अमरावतीला एका सभागृहात सिनेमा दाखवला, तेव्हा मलाही टेम्पोत घालून नेले आणि दारात शोभेला ठेवले. पडद्यावर मीच होतो, पण मला दाखवत होता हातात मावेल एवढा पांढरा डबा. मला वाईट वाटले नाही. त्याची काच त्याच्यापाशी होती, याचेच बरे वाटले.

आता मी पुन्हा तिवस्याला आहे. रऊफ अधूनमधून अकोल्याहून येतो. त्याच दिवशी कुर्बानलाही तिवस्यात काहीतरी काम निघते. रऊफ काचेवर फुंकर घालतो आणि मलमलीने मधून काठाकडे पुसत जातो. कुर्बान म्हणतो, "हलक्या हातानं." रऊफ म्हणतो, "मले शिकवू नको." मग कुलसुमबी चहा आणते.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, ज्या एकत्र असल्या तरच चालतात. त्यांना तेल द्या, ओल लागू देऊ नका, काच कधी खरखरीत कपड्याने पुसू नका. आणि वाटणीची वेळ आलीच, तर काय कशाला जोडलेले आहे ते आधी नीट बघून घ्या. लोखंड वाट बघू शकते. माणसांचे तसे नसते.

आणि एक विनंती. अकोल्यात कधी चष्म्याच्या दुकानात एखादे म्हातारे गृहस्थ भेटले आणि त्यांच्या टेबलावर एक पितळी झाकण दिसले, तर ते परत द्यायची आठवण त्यांना करून देऊ नका.